सॅक्रोइलियाक सांधा खरोखरच ‘सरकतो’ का?

पायवाट:
गेले पाच महिने मला कमरेच्या खाली उजवीकडे, नितंबाच्या वर जिथे खळी दिसते नेमक्या त्या जागी दुखते. खुर्चीतून उठताना आणि अंथरुणात कूस बदलताना त्रास सर्वांत जास्त होतो, चालू लागल्यावर तो थोडा कमी होतो. एका उपचारकाने तपासून सांगितले की एसआय जॉइंट (सॅक्रोइलियाक, म्हणजे कण्याच्या तळाचे हाड आणि श्रोणीचे हाड यांच्यामधला सांधा) सरकला आहे आणि त्यामुळे उजवा पाय आखूड झाला आहे. त्यांनी झटका देऊन सांधा ‘बसवला’, कट्ट असा आवाज झाला, चार-पाच दिवस बरे वाटले आणि दुखणे परत आले. असे आतापर्यंत तीनदा झाले आहे. माझी शंका रचनेविषयी आहे. हा सांधा इतक्या सहज जागा सोडत असेल, तर धडाचा सगळा भार तो पेलतो तरी कसा?

अस्थिरेखा:
शंका योग्य आहे, कारण हा सांधा सहज जागा सोडत नाही. त्रिकास्थी म्हणजे पाच मणके एकमेकांना जुळून झालेले पाचरीसारखे हाड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना श्रोणीची, म्हणजे कमरेच्या कड्याची हाडे असतात. त्यांच्या जोडावर हा सांधा असतो. कमानीच्या माथ्यावरचा दगड जसा भाराने अधिकच घट्ट बसतो, तशी ही पाचर बसते असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. ही उपमा अर्धीच खरी आहे, असे माझे मत आहे. त्रिकास्थी मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला रुंद असते, म्हणजे केवळ हाडांवर सोडले तर भाराने ती श्रोणीच्या पोकळीत घसरायला हवी. तिला धरून ठेवतात ते सांध्याच्या मागे, दोन हाडांच्या फटीत खोलवर असलेले अस्थिबंध (लिगामेंट), जे शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांत मोडतात. शिवाय कानाच्या आकाराचे हे सांध्याचे पृष्ठभाग लहानपणी बरेचसे सपाट असले, तरी वयात आल्यानंतर त्यांवर उंचवटे आणि खोबणी तयार होतात व त्या एकमेकींत अडकतात.

हालचाल किती होते, हे १९८९ मध्ये स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी हाडांत टँटलम धातूचे बारीक गोळे बसवून क्ष-किरणांनी मोजले होते. वळण सरासरी सुमारे २.५ अंश आणि सरकणे सुमारे ०.७ मिलिमीटर भरले. दुखणारी बाजू आणि न दुखणारी बाजू यांत फरक आढळला नाही. १९९८ मध्ये टुलबर्ग यांनी त्याच पद्धतीने झटका देण्यापूर्वीची व नंतरची स्थिती तपासली. हाताने केलेल्या चाचण्या झटक्यानंतर ‘सुधारल्या’, पण हाडांची परस्परांतील जागा बदललेली नव्हती.

भारवाही:
वरच्या उत्तरात स्नायूंचा भाग राहिला आहे. उभे राहिल्यावर त्रिकास्थीचा वरचा भाग किंचित पुढे-खाली झुकतो आणि माकडहाडाचे टोक मागे जाते. या हालचालीला न्यूटेशन म्हणतात. तिच्यामुळे बहुतेक अस्थिबंध ताणले जाऊन सांधा आवळला जातो. आडवे झाल्यावर उलट हालचाल होते आणि ही पकड काहीशी सैलावते. नेदरलँड्समधील स्नायडर्स आणि व्लेमिंग यांनी हाडांच्या आकारातून मिळणारी स्थिरता आणि स्नायूंच्या दाबातून मिळणारी स्थिरता असा भेद मांडला. दुसऱ्या प्रकारात पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, कण्यालगतचे मल्टिफिडस नावाचे स्नायू, आणि पाठीच्या जाड पडद्यामार्फत विरुद्ध बाजूच्या पाठीच्या स्नायूशी जोडलेला नितंबाचा मोठा स्नायू येतो. कूस बदलताना एका पायाचा भार अचानक श्रोणीवर येतो, आणि हे स्नायू वेळेवर आवळले गेले नाहीत तर अस्थिबंधांवर ताण पडतो. सांधा जागचा हलला नसतानाही दुखू शकतो, तो असा.

पायवाट:
मग आवाज कशाचा होता, आणि पाय आखूड का दिसला?

अस्थिरेखा:
सांध्यातील द्रवाचा दाब एकदम घटून त्यात वायूची पोकळी तयार झाली की असा आवाज येतो. तो कमरेच्या मणक्यांच्या लहान सांध्यांतूनही आलेला असू शकतो. तात्पुरता आराम स्नायूंचा ताण उतरल्यामुळे मिळत असावा. पायांच्या लांबीचा फरक झोपण्याच्या पद्धतीने किंवा कमरेच्या एका बाजूच्या ताणानेही दिसतो, आणि हाडांची ठेवण हाताने चाचपून काढलेल्या निष्कर्षांवर दोन तपासनीसांचे अनेकदा एकमत होत नाही. त्यापेक्षा सांध्यावर ठरावीक दिशांनी दाब देऊन नेहमीचे दुखणे उमटते का हे पाहणाऱ्या चाचण्या अधिक भरवशाच्या आहेत. त्यांपैकी किमान तीन सकारात्मक आल्या, तर या सांध्याचा संशय बळावतो.

एक मात्र विचारायला हवे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो का, रात्री उशिरा दुखण्याने जाग येते का, आणि त्रास पंचेचाळिशीच्या आत सुरू झाला का? तसे असल्यास सांध्याचा दाह करणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या आजारासाठी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे, कारण त्यातही हालचालीने बरे वाटते.

भारवाही:
त्याबरोबर एक साधी तपासणी करून पाहा. उताणे झोपून गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर उचला. मग दुसऱ्या कोणाला तरी श्रोणी दोन्ही बाजूंनी आत दाबायला सांगून तोच पाय पुन्हा उचला. दाबल्यावर पाय सोपा उचलला गेला, तर वर सांगितलेला स्नायूंचा दाब कमी पडत असावा.

पायवाट:
वय ५२ आहे, आखडलेपणा दहा मिनिटांत जातो आणि रात्री जाग येत नाही. आज ही तपासणी केली. उजवा पाय ओझे बांधल्यासारखा जड वाटला, आणि श्रोणी दाबून धरल्यावर तो सहज उचलला गेला. यापुढे झटका न घेता, फिजिओथेरपिस्टकडे या स्नायूंचे व्यायाम शिकण्यासाठी जाणार आहे.