फंड गंडलाय, सोर्सिंगमधून बाहेर पडू का?

लोअरपरळकर:
मिडसाइझ पीई (प्रायव्हेट इक्विटी, कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या) फंडात साडेचार वर्षं झाली, काम डील सोर्सिंगचं. म्हणजे कोल्हापूर, सांगली, चाकण, नाशिक फिरायचं, तिथल्या सीए लोकांना धरून राहायचं, क्रिसिल-इक्राचे रेटिंग रॅशनल (रेटिंगमागची कारणं) वाचून १००-२०० कोटी टर्नओव्हरच्या कंपन्या हुडकायच्या आणि प्रमोटरला फोन लावायचा. फंडाला आठ वर्षं झाली, एक्झिट (हिस्सा विकून बाहेर पडणं) दोनच, पुढच्या फंडाचं रेझिंग दीड वर्ष "होतंय, होतंय" वरच आहे. अकरा महिन्यांत एकही टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा पहिला कागद) गेलेली नाही तरी दर सोमवारी पाइपलाइनची एक्सेल भरायची, नावं तीच, मी फक्त तारीख बदलतो. मागच्या महिन्यात शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीवाल्या काकांकडे तिसऱ्यांदा गेलो, चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, पैसे हाईत न्हवं तुमच्याकडं?" काय बोलणार. थोडा कॅरी (फंडाच्या नफ्यातला वाटा) आहे, नोटिस ९० दिवस, घराचा हप्ता चालू, सीव्हीवर क्लोज झालेलं डील एकच. निघू का, आणि निघून जाऊ कुठे?

आकडेमोड:
कॅरी डोक्यातून काढ. गुंतवणूकदारांना मुद्दल आणि वर ८-१० टक्के हर्डल (ठरलेला किमान परतावा) मिळाल्याशिवाय तुमच्या हाती दमडी येत नाही, दोन एक्झिटमध्ये ते कुठलं व्हायला. शिवाय इन्व्हेस्टमेंट पिरियड संपला की बहुतेक फंडांत फी कमिटेड (गुंतवणूकदारांनी कबूल केलेल्या) रकमेवर न मिळता अजून गुंतलेल्या रकमेवर मिळते, म्हणजे पगाराचा पैसा आटत जाणार. सेबीच्या नियमात मुदतवाढ मिळते पण दोन वर्षांपर्यंतच, तीही रकमेच्या हिशोबाने दोन तृतीयांश गुंतवणूकदार हो म्हणाले तर. नवीन डीलच नाही तर सोर्सिंगवाला कशाला पोसतील? पोर्टफोलिओ बघणारे टिकतील, तू नाही. फक्त राजीनामा टाकताना नोटिस धरून पाच वर्षं भरतायत का बघ, ग्रॅच्युइटी उगाच सोडू नको.

चहाबिस्किट:
मी गेल्या वर्षी अशीच निघाले, आता प्रायव्हेट क्रेडिटमध्ये (बँकेऐवजी फंडातून कंपन्यांना कर्ज देणं) आहे. एकच क्लोज डील म्हणून घाबरत होते, पण इंटरव्ह्यूत निम्मा वेळ पडलेल्या डीलवरच गेला, आयसीपर्यंत (इन्व्हेस्टमेंट कमिटी) काय गेलं, तिथे का पडलं, तुला आधी काय दिसलं होतं. अशी चार डील आत्ताच वहीत लिहून काढ, नंतर आकडे आठवत नाहीत. नॉन-कॉम्पीटची भीती घातली तर ऐकून सोडून दे, नोकरी सोडल्यानंतरची तसली बंदी कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही. गोपनीयतेचं मात्र टिकतं, त्यामुळे सीआरएमची (फंडाच्या संपर्कांची) यादी स्वतःला मेल करायचा शहाणपणा नको, आमच्याकडे एकाने केला होता.

गोकुळशिरगाव:
मी समोरच्या बाजूचा, घरचं मशीन शॉप आहे. तुमच्यासारखी पोरं येतात, तीन वर्षांच्या बॅलन्सशीट घेऊन जातात आणि मग फोन उचलत नाहीत. आमच्याकडं फंडाचं नाव कुणाच्या ध्यानात राहत नाही भावा, पोरगं राहतं. जायच्या आधी त्या काकांना फोन करून सरळ सांग की आत्ता काय पैसे लागायचे नाहीत.

लोअरपरळकर:
केला फोन. रागावतील वाटलं होतं, तर म्हणाले "ते मला दुसऱ्या खेपेलाच कळलंवतं", आणि लगेच विचारलं नवीन फर्नेससाठी बँकेपेक्षा लवकर कर्ज देणारं कोण ओळखीत आहे का. @चहाबिस्किट ताई, व्यनि करतोय.