नाशकात गळ टाकायला स्वतःची होडी: घ्यावी का, आणि घेतली तर कसली?

गळवाला_सिडको

दहा-बारा वर्षं धरणांच्या काठावरून गळ टाकतोय. गंगापूर, कश्यपी, मुकणे, दारणा. सुट्टी जोडून आली की वैतरणा. पण एप्रिल उजाडला की दरवर्षी तेच रडगाणं. पाणी मागे सरकतं, मधे गुडघाभर गाळ, आणि मासा जाऊन बसतो बुडालेल्या बुंध्यांपाशी, जिथं माझा गळ काही केल्या पोचत नाही. मागच्या उन्हाळ्यात मुकण्याच्या गाळात एक चप्पल गेली ती गेलीच. दुसरी हातात घेऊन घरी आलो आणि ठरवलं, आता होडी घ्यायची.

तीन महिने चौकशी करून माझं मत बनलंय. मांडतो, मग झोडा. महिन्यातून दोनदा जाणाऱ्या हौशी माणसाने हवेचीच होडी घ्यावी. फायबर, कयाक वगैरे ज्याच्या घरापुढे अंगण आहे त्याने बघावं. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली स्कूटर लावण्यावरून भांडणं होतात, तिथं बारा फुटी होडी ठेवली तर सोसायटी मलाच पालथा घालेल. हवेची होडी घडी करून दिवाणात जाते.

इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर २०० स्वस्त, पण तिची क्षमता ९५ किलो. त्यांच्याच सीहॉक २ ला २०० किलो चालतं, म्हणजे मी, मुलगा, डबा आणि सामान आरामात. वल्ही, हातपंप, दोन लाइफ जॅकेट धरून सगळं १५ हजारांच्या आत बसतं. यापेक्षा जास्त खर्च करणाऱ्याने तो का करावा, हे मला कोणीतरी पटवून द्या.

दारणाकाठ

पटवतो. ती होडी नाही, फुगा आहे. तळ सपाट, पाण्यात बोटभर बुडालेली, बाकी सगळं अंग वाऱ्याला. चैत्र-वैशाखात दुपार झाली की आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो, तो काही हवेच्या होडीवाल्याला विचारून सुटत नाही.

स्वतःचा अनुभव. अशीच एक घेऊन वैतरण्याला गेलो होतो. बाराच्या सुमाराला वारा आला. मी वल्ही मारतोय पुढे आणि जातोय मागे. शेवटी हात गळून गेले आणि गाडी लावली होती त्याच्या बरोब्बर समोरच्या काठाला लागलो. तिथून होडीची हवा काढून, ती खांद्यावर टाकून, वळसा मारत गाडीपाशी यायला साडेतीन तास. त्या दिवशी मासा एकही नाही.

मग चौघांनी मिळून जुनी फायबरची घेतली. बारा फुटी, ३२ हजार, म्हणजे डोक्याला आठ. तळाला एक तडा होता, तो फायबरची चटई आणि रेझिन लावून घरीच बुजवला. धरणाजवळ ओळखीच्या मळ्यात आंब्याखाली पालथी पडलेली असते. मळेवाल्याला दिवाळीला मिठाई आणि दर खेपेला एक मासा, मिळाला तर. अंगण लागत नाही, ओळख लागते.

शंभर_किलो

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ २०१६ ला रिओत एकट्याने वल्हवत तेरावा आला, २०१८ च्या एशियाडला चौघांच्या नौकेत सुवर्ण घेऊन आला. आणि तुम्ही भरल्या धरणात मागे मागे. नाशिक जिल्ह्याचं नाव घालवलंत.

बाकी ती ९५ किलोवाली माझ्यासाठी नाहीच. बसायच्या आधीच मर्यादा ओलांडली.

गळवाला_सिडको

@दारणाकाठ, वारा मान्य. पण बारा वाजेपर्यंत पाण्यात थांबायचंच कशाला? पहाटे साडेपाचला आत, दहाला बाहेर. मासाही तेव्हाच खातो. नांगर म्हणून गोणपाटाच्या पिशवीत पाच-सहा किलो खडी आणि लांब दोरी, जागेवर राहते.

आता मला सांगा, चौघांची होडी म्हणजे चौघांच्या सुट्ट्या, चौघांच्या बायका आणि चौघांची लग्नकार्यं जुळायला हवीत. खरं सांगा, घेतल्यापासून किती वेळा पाण्यात घातलीत?

दारणाकाठ

तीन वर्षांत सतरा वेळा. खोटं कशाला बोलू.

गळवाला_सिडको

सतरा! माझी गेल्या वर्षात एकट्याची काठावरची खेप त्याहून जास्त आहे. म्हणजे तुमची होडी माशांपेक्षा आंब्याची राखण जास्त करते.

अंबडचा_वेल्डर

दोघंही उगीच पैसे घालवताय. २०० लिटरची निळी पिंपं घ्या, चार. पिंपाने एक लिटर पाणी सारलं की एक किलो तोललं जातं, म्हणजे चार पिंपांची ताकद ८०० किलो. लोखंडी अँगलची चौकट, वर प्लाय, पिंपांचं स्वतःचं वजन, सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलो. तीन माणसं चढली तरी पिंपं निम्मी पाण्याच्या वर राहतात. शनिवारी दुपारी कटर चालू केला, रविवारी संध्याकाळी रंग मारून मोकळा. खर्च नऊ हजार. बाभळीचा काटा लागला तरी फुस्स होत नाही.

एकच गोष्ट. पिंपात आधी काय होतं ते विचारून घ्या. केमिकलचं असेल तर कितीही धुतलेलं असो, गंगापुरात नेऊ नका. आपल्याच नळाला तेच पाणी येतं.

शंभर_किलो

आणि हे धरणावर कशातून नेता?

अंबडचा_वेल्डर

छोट्या हत्तीतून. जाऊन-येऊन अडीच हजार.

शंभर_किलो

म्हणजे चार खेपांत तराफ्यापेक्षा टेम्पोचं भाडं जास्त. वल्हवता येतो का तरी?

अंबडचा_वेल्डर

वल्हवायला जात नाही आम्ही. ढकलायचा, बसायचं. बैठक मात्र अशी की वर सतरंजी टाकून पत्ते खेळता येतात.

इंदिरानगर_बोटमॅन

कोणी विजेच्या मोटरचं बोललं नाही अजून. १२ व्होल्टची छोटी ट्रोलिंग मोटर मागे लावली की वाऱ्याचा प्रश्नच मिटला. घरी इन्व्हर्टरची बॅटरी आहेच, तीच उचलून न्यायची. फुकटात काम.

निवृत्त_मास्तर

फुकटात नाही, पाण्यात. घरच्या १५० एएचच्या (अँपियर-तासांच्या) ट्यूब्युलर बॅटरीचं वजन पन्नास किलोच्या वर असतं. सीहॉकमध्ये ती ठेवली तर मुलाला काठावर ठेवावं लागेल. वर ती शिसं आणि ॲसिडची, कलंडली तर होडीच्या विनाइलचं काय होईल ते सांगत नाही. छोट्यातली छोटी, ३० पौंड जोराची मोटर पूर्ण वेगाला ३० अँपियर ओढते. १०० एएचची बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे पूर्ण वेगाला दोन तासही नाहीत. वाऱ्याशी झुंजायचं ते पूर्ण वेगानेच ना? लिथियमची घेतली तर वजन बारा किलोच्या आसपास येतं, पण तिच्या किमतीत गळवाल्यांच्या दोन होड्या येतील. आणि मोटर लावली की २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली नोंदणीचा विषय निघतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन हा आला. वल्ह्याला ही कटकट कमी.

हवेच्या होडीबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती लिहितो, कारण माझ्या डोळ्यांसमोर घडली. एकाने पहाटेच्या गारव्यात होडी टणक फुगवली, चार तास गळ टाकला, मग बाहेर काढून खडकावर उन्हात ठेवली आणि डबा खायला बसला. भाकरीचा तिसरा घास असेल, शिवण उसवली. आवाज एवढा झाला की पलीकडचे बगळे उडाले. कारण साधं आहे. अशा होडीत बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब जेमतेम एक पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) आत-बाहेर असतो. आतली हवा पंचवीस अंशांनी तापली तर त्यात आणखी सव्वा पीएसआयची भर पडते. म्हणजे शिवणीवरचा ताण दुप्पट. पाण्यात असते तोवर खालून गार राहते, खरा धोका काठावर. बाहेर काढली की आधी थोडी हवा सोडायची, मगच डबा उघडायचा.

माझं मत विचाराल तर होडीच नको. पण मी पासष्टचा आहे, माझं मत धरू नका.

गळवाला_सिडको

मास्तर, हे शिवणीचं माहीत नव्हतं. दुकानवाल्याने तर "जेवढी टणक तेवढी चांगली" असं छातीठोक सांगितलं होतं.

मुकणे_वाडी

राम राम मंडळी. मी मच्छीमार संस्थेचा सभासद. सगळं वाचलं, हसू पण आलं. होडी कसली घ्यायची यावर एवढं बोलताय, पण पाण्यात कोणाचं काय आहे हे कोणीच बोललं नाही.

धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थेला असतो. पैसे भरून घेतलेला. रोहू, कटला, मृगळची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आम्ही विकत आणून सोडतो, तेव्हा तुमच्या गळाला लागतो. काठावर दोन गळ टाकून बसलेल्या माणसाला आम्ही कधी उठवलं नाही, उलट चहा पाजला. पण होडी आत आली की गोष्ट वेगळी. संध्याकाळी जाळी लावतो, पहाटे काढतो. तुमची खडीची पिशवी नेमकी त्याच वेळेला जाळ्यात पडते. गळ अडकला की तुम्ही दोरा तोडून घरी जाता, आम्ही जाळं सोडवत बसतो. मागल्या साली तीन जाळी फाटली. भरून कोण देणार?

आणि आमच्यातले निम्मे अजून थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावतात. पोटासाठी. तुम्ही हौसेसाठी १५ हजार कशाला घालता? चारशे रुपये द्या, पहाटे माझ्या होडीत बसा. बुंधे कुठं आहेत ते मला झोपेत पण माहीत आहे.

गंगापूर_रोडकर

काका, रागावू नका, पण धरण सरकारचं, पाणी जनतेचं. ठेका जाळ्याचा असतो, माझ्या एका गळाने संस्थेचं काय जातं? असं प्रत्येक धरणावर कोणी ना कोणी पैसे मागायला लागला तर हौशी माणसाने जायचं कुठं?

मुकणे_वाडी

एका गळाने काही जात नाही. रविवारी चाळीस गळ येतात. आणि चारशे मी गळाचे नाही मागत, वल्हवायचे मागतो. स्वतः वल्हवा, फुकट बसा.

निवृत्त_मास्तर

@गंगापूर_रोडकर, ठेका पाण्याचा नसला तरी माशाचा आहे, आणि तुम्हाला मासाच हवाय. आधी संस्थेला विचारा, एवढं सोपं आहे ते. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांपाशी तर कोणी विचारायलाही जाऊ नये. आणि कोणी निफाडकडे होडी घेऊन निघालं असेल तर थांबा: नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, जानेवारी २०२० ला जाहीर झालेलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथं गळ नेलात तर वनखातं बोलेल, मी नाही.

शंभर_किलो

काका, तुमच्या होडीला किलोची मर्यादा आहे का?

मुकणे_वाडी

मागे सागाची दहा लाकडं आणली होती तिच्यातून. बसा तुम्ही.

गळवाला_सिडको

हिशेब केला. १५ हजार भागिले चारशे म्हणजे ३७ खेपा. महिन्याला दोन धरल्या तर दीड वर्ष काकांच्या होडीत बसता येतं. पावसाळ्यात तसाही जात नाही, मासा तेव्हा अंड्यावर असतो, म्हणजे दोन वर्षं. हवेची होडी दोन वर्षं टिकली तरी खूप, असं आता वाटायला लागलंय.

तरी मन मानत नाही, कबूल करतो. काकांच्या होडीत काका असणार. आणि मला पाण्याच्या मधोमध कोणी नसलेलं हवंय. आठवडाभर अंबडच्या वर्कशॉपमध्ये मशीनचा आवाज, घरी टीव्हीचा. चिलापी लागली काय, नाही लागली काय. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग गच्चीत बस.

निवृत्त_मास्तर

एकटं जाऊच नका. आणि जॅकेट अंगात घालायचं असतं, उशाला घ्यायचं नसतं. बुंध्यांच्या पाण्यात पोहणारासुद्धा अडकतो.

दारणाकाठ

जाळ्याचं मुकणेवाल्या काकांचं शंभर टक्के खरं. आम्ही पहिल्या वर्षी संस्थेच्या लोकांना विचारलं नव्हतं, त्यावरून एकदा वाजलं होतं. आता जाण्याआधी फोन करतो, जाळी कुठल्या अंगाला आहेत ते ते सांगतात.

हवेच्या होडीबद्दल मात्र माझं मत तेच. तुमचा पहाट ते दहाचा हिशेब कागदावर बरोबर आहे. मासा खायला लागला की दहाला कोण उठतं?

आणि एक. आमच्या चौघांतल्या एकाची पुण्याला बदली झालीय. त्याचा हिस्सा विकायचा आहे, आठ हजार. आंब्याखालची जागा धरून. आठवड्यातल्या मधल्या दिवशी आमच्यापैकी कोणीच जात नाही, तेव्हा एखाद्या मित्राला सोबत घेऊन होडी तुमचीच. सिडकोवाले, बघा.

गळवाला_सिडको

आधी तो तडा दाखवा.