नाविकवाला फोन घेतला, तरी शेत दर वेळी वेगळं का भरतं?

शिवारातली_लेक (वाळवा तालुका)

नमस्कार मंडळी. आप्पा गेल्यापासून रान मीच बघते. सातबाऱ्यावर ०.२४.०० आहे, म्हणजे बोलीत चोवीस गुंठे. लांबट पट्टी आहे, अंदाजे २२ मीटर रुंद आणि १०९ लांब. पूर्वेला चुलत्यांचं रान. यंदाच्या नांगरटीत मधला बांध आमच्याकडं सरकला असं मला वाटतं, आणि चुलत्यांकडचे थोरले दादा म्हणतात की बांध आहे तिथंच आहे. भांडायच्या आधी हातात आकडा असावा, म्हणून फोनवरच्या मोजणीच्या अ‍ॅपनं बांधावरून फेरी मारली.

सोमवारी दुपारी अडीचला २१.८ गुंठे. मंगळवारी सकाळी सातला २४.६. त्याच रात्री लाईट आली म्हणून पाणी पाजायला गेले होते, तेव्हा आठच्या सुमारास बॅटरी धरून परत फिरले, तर २६.१. बांध तोच, फोन तोच.

फोन मुद्दाम नाविक (जीपीएससारखी आपली भारतीय उपग्रह प्रणाली) चालणारा घेतलाय. जीपीएसटेस्ट अ‍ॅपमध्ये तिरंगा असलेले उपग्रह दिसतातही. आपले स्वतःचे उपग्रह डोक्यावर असताना एवढा फरक का पडावा? यातला कोणता आकडा मी दादांपुढं ठेवू?

जुना_भूकरमापक

ताई, दादांपुढं यातला एकही ठेवू नका. मी भूकरमापक म्हणून एकतीस वर्षं काढली. सुरुवात शंकू-साखळीवर केली आणि शेवटची वर्षं रोव्हरवर, म्हणजे दांड्यावरच्या उपग्रह-मोजणी यंत्रावर होतो. तुमचे तिन्ही आकडे मला अगदी ओळखीचे वाटले.

आधी हिशेब बघा. पट्टी १०९ मीटर लांब. तिची एक लांब बाजू फोननं दोन मीटर बाहेर धरली, की २१८ चौरस मीटर वाढले. गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे दोन गुंठ्यांहून जास्त झालं. उघड्या माळावरसुद्धा फोन तीन ते पाच मीटर चुकतो, हे नेहमीचंच आहे. गाडी चालवताना ते कळत नाही, कारण नकाशा तुम्हाला जवळच्या रस्त्यावर आणून बसवतो. शेतात तसं बसवायला कुणी नाही.

चूक येते कुठून? उपग्रहाचा संदेश किती वेळात पोचला यावरून फोन अंतर काढतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. असे दहा भाग इकडंतिकडं झाले की तीन मीटर गेले. आणि वाटेत आयनांबर लागतं, सूर्याच्या उन्हानं विद्युतभारित झालेला हवेचा वरचा थर. तो संदेशाला उशीर लावतो. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ साली पहिलं रॉकेट सोडायला थुंबा निवडलं ते त्याचसाठी, हा थर तिथून अभ्यासता यावा म्हणून. त्या पट्ट्यात थर दाट असतो आणि लहरी वागतो. दुपारी त्याचा जोर सर्वांत जास्त. दिवस मावळल्यावर त्यात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात आणि संदेश थरथरतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त होतं.

इथं एक बारकावा आहे आणि तो बहुतेक जण चुकतात. आयनांबराची दुपारची चूक सावकाश बदलते. तुमची फेरी वीस मिनिटांची धरली, तर तेवढ्यात ती चारही कोपऱ्यांना साधारण सारखीच लागते. अख्खं शेत नकाशावर उचलून बाजूला जातं, पण क्षेत्र फारसं बदलत नाही. क्षेत्र बिघडतं ते फेरी चालू असताना बदलणाऱ्या गोष्टींनी. एका कडेला ऊस उभा असेल तर संदेश पानांत अडतो किंवा विहिरीच्या कठड्यावर, पत्र्यावर आपटून वळसा घेऊन येतो. मध्येच एखादा उपग्रह सुटतो. रात्रीची थरथर असतेच. त्यावर अ‍ॅप तुमची वाट गुळगुळीत करून कोपरे कापतं. तुमच्या कडेला ऊस आहे का?

आता नाविक. नाविक वाईट नाही, मला त्याचा अभिमान आहे. पण ते काय करतं ते नीट समजून घ्या. आखणी सात उपग्रहांची, तीन एका जागी स्थिर आणि चार आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढणारे. पहिला जुलै २०१३ ला गेला, सातवा एप्रिल २०१६ ला. पुढं काही जुन्या उपग्रहांची आयात केलेली घड्याळं बंद पडली. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर आपलं स्वतःचं रुबिडियम घड्याळ बसलं, आणि जुन्या दोन लहरींच्या जोडीला फोनांना सोपी पडणारी एल-१ लहरही आली. जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ मात्र ठरल्या कक्षेत पोचला नाही. देशात वीस मीटरहून चांगली जागा सांगू, एवढंच नाविकचं अधिकृत वचन आहे. तुमचा फोन अमेरिकेचे, युरोपचे, रशियाचे उपग्रह धरतोच, त्यात हे आणखी काही. पंच वाढले म्हणून पंचनामा अचूक होत नाही. ज्याला हद्द आधीपासून पक्की ठाऊक आहे असा एक माणूस जागेवर लागतो.

तो माणूस म्हणजे गगन. नाविक आणि गगन दोन्ही आपलीच, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. देशात पंधरा ठिकाणी अशी केंद्रं आहेत, ज्यांना स्वतःची जागा आधीच बिनचूक माहीत आहे. जीपीएस त्यांना कुठं दाखवतं आणि ती खरी कुठं आहेत यातला फरक बेंगळुरूला जातो, तिथं देशभरचं आयनांबर मांडलं जातं, आणि दुरुस्ती जीसॅट-८, जीसॅट-१० अशा उपग्रहांवरून परत खाली येते. हे विमानांसाठी उभं केलं. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगढला गगनच्या भरवशावर उतरलं. पण बहुतेक फोन ही दुरुस्ती वापरत नाहीत, आणि वापरली तरी चूक मीटर-दोन मीटरच्या घरात राहते. तुमच्या पट्टीला तेही पुरणार नाही.

हद्दीला लागतो तो रोव्हर. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यभर कायमची कॉर्स स्थानकं बसवली आहेत. रोव्हर मोबाइलच्या नेटवरून त्यांची दुरुस्ती सेकंदासेकंदाला घेतो आणि काही सेंटिमीटरवर येतो. मला आठवतं, एका आंब्याखाली कोपरा घ्यायचा होता. पडद्यावर ‘फ्लोट’ यायचं, म्हणजे जागा अजून पक्की नाही, आकडा अर्धा मीटर इकडं, अर्धा तिकडं. शेतमालक म्हणाले, साहेब, घ्या की आता. वीस मिनिटं थांबलो, मग दांडा चार पावलं मोकळ्यावर नेला. क्षणात ‘फिक्स’, आणि आकडा दोन सेंटिमीटरवर गप्प. मग तिथून टेपनं मागं मोजून कोपरा घेतला. ‘फ्लोट’वर कोपरा घेऊ देऊ नका, मग मोजणीला कुणीही येवो.

दर्यावर्दी_हर्णै

काकांनी गगन फक्त विमानांचं सांगितलं. २०१९ साली आमच्यासाठी ‘जेमिनी’ नावाचं यंत्र आलं, तेही गगनवरच चालतं. त्यातून माशांचा पट्टा आणि वादळाचा इशारा ब्लूटूथनं फोनवर येतो. किनारा सोडून काही मैल गेलो की मोबाइलची रेंज संपते, तिथं हे उपयोगी पडतं. जाळं फाडणारा खडक वाचवायला मला पाच-सात मीटर खूप झाले. बांधाला नाही, हे पटलं.

निशिगंध_होक्काइदो

मी नोकरीनिमित्त जपानात आहे, शेतीच्या यंत्रांवर काम करते. इथली प्रादेशिक प्रणाली ‘मिचिबिकी’. चार उपग्रहांवर नोव्हेंबर २०१८ मध्ये रीतसर सेवा सुरू झाली. तिनं जीपीएसची जागा घेतली नाही, जीपीएसला हात दिला. कक्षा अशी की एक तरी उपग्रह टोकियोच्या इमारतींच्या फटीतून जवळजवळ डोक्यावर दिसावा. आणि सेंटिमीटरची दुरुस्ती थेट उपग्रहावरूनच खाली येते, मोबाइलचं नेट नसलं तरी. ती दुरुस्ती बनते जमिनीवरच्या स्थानकांवर. देशभर अशी सुमारे १,३०० आहेत. डोंगरातल्या भातखाचरात ट्रॅक्टर त्यावर सरळ रेघेत चालतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत रेंज नसते तिथं रोव्हर अडतो, तेव्हा मला नेहमी वाटतं की हे आपल्याकडं यायला हवं.

ताई, तुमच्या फोनसाठी एक सांगते. जीपीएसटेस्टमध्ये एल-१ सोबत एल-५ ही दुसरी लहर दिसते का पाहा. आयनांबर एल-५ ला एल-१ पेक्षा सुमारे १.८ पट उशीर लावतं. वीज चमकली आणि गडगडाट मागून आला की मधल्या वेळावरून आपण अंतर काढतो ना, तसं या दोन उशिरांच्या फरकावरून फोनला मूळ उशीर काढता येतो. आणि चालत मोजू नका. प्रत्येक कोपऱ्यावर पाच मिनिटं फोन डोक्यापेक्षा उंच धरून उभ्या राहा आणि सरासरी घ्या.

शिवारातली_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पश्चिमेला बाराव्या महिन्यातला ऊस आहे, माझ्या डोक्याच्या वर दोन हात. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर लिंब आहे.

निशिगंधताईंनी सांगितलं तसं काल सकाळी सातला केलं. एल-५ दिसलं. फोन काठीला बांधून चारही कोपऱ्यांवर थांबले. २३.७ आलं. आज परत केलं, २४.३. लिंबाखालचा कोपरा मात्र दोन्ही दिवशी तीन-साडेतीन मीटर वेगळा पडला, बाकीचे तीन दीड मीटरच्या आत.

काठी घेऊन उभी होते तेव्हा दादा बांधावर आले. काय चाललंय विचारलं. मी सगळं सांगितलं, आंब्याखालच्या वीस मिनिटांचंही. ते म्हणाले, मग दोघांच्या सह्यांनी हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकू, फी निम्मी-निम्मी. काका, ऊस तोडल्यावर मोजणी घ्यावी की आधी चालेल?

जुना_भूकरमापक

तोड झाल्यावरच घ्या, पाचट गोळा करून कोपरे मोकळे ठेवा. लिंबाला हात लावू नका, तो कोपरा मोकळ्यावरून टेपनं किंवा ईटीएसनं (तिपाईवरच्या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रानं) घेता येतो. जुना हद्दीचा दगड असला तर बांधाच्या पोटात असेल, टिकावानं नव्हे, हातखुरप्यानं बघा. मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा, आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, दोघांनीही घ्या.

शिवारातली_लेक

आमची तोड फेब्रुवारीत आहे. दगडाचं आजच दादांना सांगते, आप्पांनी तो कुठं दाखवला होता ते त्यांना आठवतंय म्हणतात.