मदत हवी आहे : गिट बायसेक्ट करताना मधले कर्नल बूटच होत नाहीत

नमस्कार मंडळी. माझ्या 2014 सालच्या लॅपटॉपवर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आहे. त्यावर मी हौसेने मूळ स्रोतातून कर्नल (प्रणालीचा गाभा) बांधत असतो. कर्नलची 6.1 आवृत्ती बांधली तर झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते, 6.6 मध्ये मात्र पंखा फिरू लागतो, कॅप्स लॉकचा दिवाही लागतो, पण पडदा काळाच राहतो आणि बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागते. पीएम-टेस्टमध्ये (यंत्र झोपण्या-जागण्याची टप्प्याटप्प्याने चाचणी घेणारी कर्नलची सोय) 'डिव्हाइसेस', म्हणजे फक्त उपकरणे झोपवून जागी करण्याची, पातळी ठेवून पाहिली, तेव्हाही तोच प्रकार झाला, त्यामुळे माझा संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर आहे.

दोष नेमका कोणत्या कमिटमुळे (कोडमधल्या नोंदलेल्या बदलामुळे) आला हे शोधण्यासाठी गिट बायसेक्ट सुरू केले, म्हणजे चांगल्या आणि बिघडलेल्या आवृत्तीमधला मधला कर्नल बांधून, तपासून शोध दर वेळी निम्मा करत जायचे. एकूण सोळा-सतरा पायऱ्या होतील असे दिसते, आणि लोकलमॉडकॉन्फिगने (सध्या वापरात असलेलीच मॉड्यूल ठेवणारी आज्ञा) मॉड्यूल कमी करूनही माझ्या यंत्राला एका बांधणीला सव्वा तास लागतो (चहा भरपूर होतो). अडचण अशी, की सहाव्या पायरीपासून सलग तीन कर्नल रूट विभाजन (डिस्कवरचा प्रणालीचा मुख्य भाग) सापडत नसल्याची तक्रार करून थांबले. मी त्यांना 'बॅड' (दोष असलेले) न म्हणता 'स्किप' केले, म्हणजे न तपासता वगळले.

जुन्या कमिटवर मागे जाताना ओल्डडेफकॉन्फिग (आधीची कॉन्फिग फाइल घेऊन नव्या पर्यायांना ठरलेली मूल्ये देणारी आज्ञा) चालवल्याने एखादा आवश्यक पर्याय गळून पडत असेल का? प्रत्येक वेळी 6.1 ची मूळ कॉन्फिग फाइलच पुन्हा आणून ठेवावी का? तसेच शोध फक्त 'ड्रायव्हर्स/जीपीयू' या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फोल्डरपुरता मर्यादित केला, तर खरा दोषी निसटण्याचा धोका कितपत आहे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.