अनुभव धागा: आधीच शिक्का मारून घेतलेले आपले निर्णय

ऑफिसात आपल्यावर झालेला अन्याय सगळेच सांगतात. इथे उलटं लिहा: आपल्याच मनातल्या ग्रहामुळे आपला कुठला निर्णय चुकला? सुरुवात मी करतो.

बँकेत कॅशवर होतो, कॉम्प्युटर यायच्या आधी. संध्याकाळी 4,500 रुपये कमी. मदतीला नवा हंगामी मुलगा, सतत खिशात हात घालणारा. त्याची बंडलं तीनदा मोजली, ड्रॉवर उपसला. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेले असतात, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. 4,500 ला जातो. पण चोर ठरला होता, मग भागाकार कोण करतो! रात्री साडेआठला सापडलं: स्लिप 12,700 ची, रजिस्टरात 17,200. अक्षर माझं.

शॉपफ्लोअरवाला: चाकणला क्वालिटीत आहे. रात्रपाळीचा माल खराब, असं आम्ही धरूनच चालायचो. म्हणून रात्रीचे 20 नग तपासायचो, सकाळचे 5. रिजेक्शन रात्रीचंच जास्त सापडणार ना! ट्रेनी मुलीने दोन्हीकडचे सारखे नग उचलले, तेव्हा सोमवारची पहिली पाळी उघडी पडली. सुट्टीनंतर मशीन थंड, वॉर्म-अप न करताच जॉब लावलेला, सुरुवातीच्या नगांचं माप सरकलेलं.

एचआरवाली: सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा 2007 चा अभ्यास आहे. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. तो वाचून मी नावं झाकून बायोडेटा चाळायला लागले, स्वतःवर खूशही होते. मग कळलं, गाव आणि कॉलेज दिसतंच आहे आणि पेन तिथेच अडखळतंय. आता तेही झाकते. मुलाखतीला माणूस समोर बसल्यावर काय झाकू?

शंकेखोर: तीस वर्षं मुरलेला फिटर नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलं म्हणतो. तोही ग्रहच की!

शॉपफ्लोअरवाला: म्हणतो, आणि खोलून बघतो.

एचआरवाली: धागाकर्ते, त्या मुलाला सांगितलंत का मग?

धागाकर्ता: नाही. "जुळली रे" एवढंच म्हणालो. त्याची शेवटची एसटी चुकली होती, म्हणून स्कूटरवरून घरी सोडलं. वाटेत पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, त्या रजिस्टरातल्या अक्षराबद्दल अवाक्षर नाही.