पिकअपच्या हौद्यात गूसनेक बॉल आधीच आहे. फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी कोणती हिच घ्यावी?

प्रश्न (डॅलसजवळून)

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहतो. येत्या उन्हाळ्यात फिफ्थ व्हील प्रकारचा (पुढचा भाग पिकअपच्या हौद्यावर टेकवून ओढायचा) राहता ट्रेलर घेऊन मुलांना कोलोरॅडोचे डोंगर दाखवायचे आम्ही ठरवले आहे. आमचा पिकअप पाऊण टनी वर्गातला, डिझेल इंजिनाचा आणि वापरलेला घेतलेला आहे. आधीच्या मालकाने त्यावर घोड्यांचा ट्रेलर ओढला होता, त्यामुळे साडेसहा फुटी हौद्याच्या खाली चासीला बोल्टने पक्की केलेली बी अँड डब्ल्यू कंपनीची टर्नओव्हरबॉल ही गूसनेक हिच (हौद्याच्या तळातील बॉलवर ट्रेलर जोडण्याची बैठक) त्यात आधीपासून आहे. तिचा २ ५/१६ इंची बॉल उलटा करून भोकात ठेवला की हौद्याचा तळ सपाट होतो. ही सोय मला गमवायची नाही, कारण आठवडाभर याच हौद्यातून मी कामाचे सामान नेतो.

जो ट्रेलर मनात आहे त्याचे भरलेल्या अवस्थेतील कमाल अनुज्ञेय वजन १२,००० पौंड आहे आणि त्याला नेहमीप्रमाणे किंग पिन (जोडणीसाठी खाली आलेली पोलादी खुंटी) आहे. माझ्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला, किंग पिनवर खाली लांब जाणारा अ‍ॅडॉप्टर चढवून ट्रेलर थेट गूसनेक बॉलवर ठेवणे. हा सर्वांत स्वस्त आहे आणि हौदा मोकळा राहतो. दुसरा, गूसनेक बॉलला आवळून बसणारी हलकी अ‍ॅल्युमिनियमची हिच घेणे. तिसरा, गूसनेकच्याच भोकात बसणारी, किंग पिन जबड्यात धरणारी पूर्ण फिफ्थ व्हील हिच घेणे. ती जड आहे आणि दर वेळी काढण्या-घालण्याचा व्याप आहे. ज्यांनी यातले काही प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. पिकअपच्या दारावरील पिवळ्या पट्टीवर प्रवासी आणि सामान मिळून २,४८० पौंडांची मर्यादा लिहिलेली आहे.

उत्तर १ (ह्यूस्टनहून)

मी व्यवसायाने यांत्रिकी अभियंता आहे. आपला पहिला मार्ग मनातून काढून टाकावा, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण आपल्या पिकअपमध्ये नाही, ट्रेलरच्या सांगाड्यात आहे.

घोड्यांचा किंवा गुरांचा गूसनेक ट्रेलर पाहिलात तर त्याची पुढची मान ही चासीचाच भाग असते. जाड पोलादी तुळया थेट बॉलपर्यंत खाली उतरतात, आणि ओढताना व ब्रेक लावताना येणारा सगळा जोर त्या पेलतील असाच त्यांचा हिशेब केलेला असतो. राहत्या फिफ्थ व्हीलचे तसे नाही. त्याच्या वरच्या मजल्याखाली तुलनेने हलका सांगाडा असतो, त्याला पिन बॉक्स (किंग पिन धरणारी पोलादी पेटी) जोडलेला असतो, आणि किंग पिन हौद्याच्या तळापासून बरीच वर, हिचच्या जबड्यात बसेल, असे गृहीत धरून ती सगळी रचना केलेली असते. तोच किंग पिन अ‍ॅडॉप्टरने हौद्याच्या तळापर्यंत खाली नेला की जोर लागण्याची जागा सांगाड्यापासून दूर जाते आणि तरफ लांबते.

आकडे घेऊन पाहू. समजा ट्रेलरच्या सांगाड्यापासून किंग पिनचे जोर लागण्याचे ठिकाण दीड फूट खाली आहे आणि जोरात ब्रेक लागल्यावर तेथे ३,००० पौंडांचा आडवा जोर आला. सांगाड्याला वाकवणारे आघूर्ण (जोर गुणिले तरफेची लांबी) ४,५०० फूट-पौंड झाले. अ‍ॅडॉप्टरमुळे तेच ठिकाण आणखी एक फूट खाली गेले तर ट्रेलर तोच, रस्ता तोच आणि ब्रेकही तोच असताना आघूर्ण ७,५०० फूट-पौंड होते. वळणावर येणाऱ्या बाजूच्या जोरालाही हेच लागू पडते. तेथे सांगाडा वाकण्याऐवजी पिळला जातो. स्थिर उभे वजन मात्र यामुळे बदलत नाही, आणि म्हणूनच अंगणात उभ्या असलेल्या ट्रेलरकडे पाहून सर्व काही ठीक आहे असे वाटते. हजारो मैलांत हा जोर पुनःपुन्हा येतो आणि आधी वेल्डिंगच्या सांध्यांना बारीक भेगा पडू लागतात. वरच्या मजल्याच्या बाहेरच्या कोपऱ्यांवरील पत्रा फुगलेला किंवा सुरकुतलेला दिसला, तर तो सांगाडा हलत असल्याचा इशारा समजावा.

अनेक सांगाडा-उत्पादक असा लांब अ‍ॅडॉप्टर लावल्यास हमी रद्द करतात. थेट बॉलवरच जायचे असेल तर रीज कंपनीच्या गूस बॉक्ससारखा, मूळ पिन बॉक्स पूर्ण काढून त्या जागी बसणारा बॉक्स हा वेगळा प्रकार आहे. त्यात दणका शोषण्यासाठी हवेची पिशवी आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. तोही घेण्यापूर्वी, ट्रेलरचा सांगाडा ज्यांनी बनवला त्यांच्याकडून त्या विशिष्ट नमुन्याला लेखी मान्यता घ्यावी. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

उत्तर २ (कोलोरॅडो स्प्रिंग्जहून)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आपण ज्याला दुसरा मार्ग म्हणता ती अ‍ॅल्युमिनियमची हिच, म्हणजे बहुधा अँडरसन अल्टिमेट, मी वापरतो. तिचे वजन सुमारे ३५ पौंड आहे. चौपाई सांगाड्याच्या माथ्यावर बॉल असतो आणि त्यावर बसणारा कपलर (बॉल धरणारी वाटी) किंग पिनला कायमचा आवळलेला असतो. बॉल मुळातच उंचावर असल्यामुळे ट्रेलरच्या बाजूची तरफ लांबत नाही. जोर हिचच्या सांगाड्यातून खाली आपल्या पोलादी गूसनेक बैठकीत उतरतो, आणि तो पेलण्याची ताकद त्या बैठकीत असते. मी ती एकट्याने उचलून गॅरेजच्या भिंतीला टांगतो, त्यामुळे आपल्या मोकळ्या हौद्याच्या गरजेला ही हिच उत्तम जुळते. बॉलवरच्या जोडणीला चारही बाजूंना झुकण्याची मोकळीक असल्याने कॅम्पग्राउंडच्या उंचसखल जमिनीवर ट्रेलर लावणे-काढणेही सुखाचे होते.

तिच्या मर्यादाही सांगतो. गूसनेक बॉलवर ती ज्या ताणाने आवळलेली असते तो प्रवासात सैल होऊ शकतो, म्हणून पहिल्या टप्प्यानंतर आणि पुढेही नियमितपणे टॉर्क पाना लावून तपासणे हे तिच्या वापराचेच अंग समजावे. ज्यांना दर थांब्यावर गाडीखाली डोकावण्याची सवय नाही त्यांनी ती घेऊ नये. शिवाय किंग पिनवर कपलर बसवलेला असताना ट्रेलर दुसऱ्या कुणाच्या साध्या जबड्याच्या हिचवर चढत नाही. दुरुस्तीच्या दुकानात किंवा रस्त्यात मदत मागताना ही अडचण होते. फिरत्या प्रकारचे काही पिन बॉक्सही तिच्याशी जुळत नाहीत, तेव्हा ट्रेलरवर कोणता पिन बॉक्स आहे ते आधी पाहावे.

आपण आय-७० महामार्गाने येणार असाल तर आयझेनहॉवर बोगदा ओलांडल्यावर सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्के उतार लागतो. बोगद्याची उंची ११,००० फुटांहून अधिक आहे. १२,००० पौंडांचा ट्रेलर अशा उतारावर ब्रेक नसताना सुमारे ८४० पौंडांनी पिकअपला पुढे ढकलत राहतो. इंजिन ब्रेक आणि नीट जुळवलेला ट्रेलर-ब्रेक कंट्रोलर (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारे उपकरण) यांवाचून हा रस्ता घेऊ नये. हिच कोणतीही असो, खिळखिळ असेल तर ती याच घाटात ऐकू येते.

उत्तर ३ (ओमाहाहून)

प्रश्न हिचचा विचारला आहे, पण आपण शेवटच्या ओळीत दिलेला २,४८० पौंडांचा आकडा मला अधिक चिंतेचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फिफ्थ व्हीलचे १५ ते २५ टक्के वजन किंग पिनवर, म्हणजे थेट आपल्या मागच्या आसाच्या आसपास पडते. हिशेबाला २० टक्के धरले तर भरलेल्या १२,००० पौंडांच्या ट्रेलरचे पिनवरील वजन २,४०० पौंड होते. म्हणजे चालक गाडीत बसण्यापूर्वीच मर्यादा जवळजवळ संपली. विक्रेता बहुतेक वेळा रिकाम्या ट्रेलरचे पिन-वजन सांगतो. पाण्याची टाकी, गॅसच्या टाक्या, कपडे, भांडी आणि पुढच्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यात भरलेल्या वस्तू त्यात नसतात.

उलट दिशेने मोजा. २,४८० मधून आपले चौघांचे कुटुंब ५२० पौंड आणि गाडीतले सामान १५० पौंड वजा करा. आधीच्या मालकाने बसवलेली गूसनेकची बैठक कारखान्यानंतरची आहे, त्यामुळे तीही दारावरच्या आकड्यातूनच वजा होते. तिचे १०० पौंड धरा. उरले १,७१०. जबड्याची हिच १५० पौंडांची घेतलीत तर पिनसाठी १,५६० पौंड उरतात, म्हणजे २० टक्क्यांच्या हिशेबाने भरलेला ट्रेलर ७,८०० पौंडांपर्यंत. अ‍ॅल्युमिनियमची हिच ४० पौंड धरली तर पिनसाठी १,६७० आणि ट्रेलरसाठी ८,३५० पौंड. हिच बदलून ट्रेलरमागे साडेपाचशे पौंड मिळतात. १२,००० चा ट्रेलर त्याने शक्य होत नाही. भारतातून आई-वडील आले आणि तेही गाडीत बसणार असतील तर आणखी ३०० पौंड वजा होतील आणि जबड्याच्या हिचसह मर्यादा ६,३०० पौंडांवर येईल.

मागे हवेच्या पिशव्या बसवल्याने पिकअपची पाठ सरळ होते, पण अनुज्ञेय वजन वाढत नाही. गूसनेक बैठकीवर ३०,००० पौंड कोरलेले असते, त्यानेही काही बदलत नाही; ती संख्या बैठकीची आहे, गाडीची नव्हे. साखळीतली सर्वांत लहान संख्या तीच आपली मर्यादा. परवान्याची काळजी मात्र नको, कारण जोडगाडीचे एकूण अनुज्ञेय वजन २६,००० पौंडांच्या आत असेल तर टेक्सासचा साधा परवाना चालतो.

प्रश्नकर्ता

तिघांचे मनापासून आभार. हा हिशेब मी पत्नीसह कागदावर मांडला आणि १२,००० पौंडांचा ट्रेलर आम्ही सोडून दिला. आता ७,५०० पौंड कमाल वजनाचा, ८ फूट रुंदीचा एक लहान फिफ्थ व्हील पाहत आहोत. आई-वडील येतील तेव्हा त्यांना दुसऱ्या गाडीने नेऊ. अ‍ॅडॉप्टरचा विचारही संपला. आता दुसरा की तिसरा, एवढेच ठरवायचे आहे. साडेसहा फुटी हौद्यात ट्रेलरचा कोपरा वळताना केबिनला लागेल का, हीही शंका आहे.

उत्तर १ (ह्यूस्टनहून)

दोन मापे घ्यावीत. पहिले, हिच बसवल्यावर पिनच्या केंद्रापासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंतचे अंतर. दुसरे, ट्रेलरच्या पिनपासून त्याच्या पुढच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर. ८ फुटी रुंदीत मध्यापासून बाजूपर्यंतच ४८ इंच होतात. कोपरा गोलाई देऊन कापलेला नसेल तर तिरपे अंतर त्याहून अधिक भरते. पहिले माप दुसऱ्यापेक्षा कमी आले तर तीव्र वळणात मागे घेताना, काटकोन होण्याआधीच, कोपरा काचेत शिरेल. तसे असेल तर पिन मागे सरकवता येणारी हिच घ्यावी किंवा वळण तेवढे तीव्र करू नये. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा वरचा मजला यांच्यात साधारण ६ इंच मोकळे राहतात का, तेही पाहावे, नाहीतर खड्ड्यात कड चेपते.

दोन मार्गांतून निवडायचे तर, आपल्या जागी मी तिसरा घेतला असता. आपली बैठक टर्नओव्हरबॉल असल्यामुळे त्याच कंपनीची कम्पॅनियन हिच तिच्या चौकोनी नळीत उतरते आणि खालून खेचून घट्ट बसते. दुसऱ्या कंपनीच्या बैठकीत ती बसत नाही. तिचे दोन भाग वेगळे होतात, त्यामुळे दोन माणसे ती सहज उतरवू शकतात. जबड्यात पिन घट्ट धरला जातो, त्यामुळे सुटता-थांबताना झटके कमी बसतात आणि ट्रेलर कोणत्याही दुकानात नेता येतो. मात्र हौदा दर सोमवारी मोकळा लागत असेल आणि उचलायला दुसरे कोणी नसेल, तर अ‍ॅल्युमिनियमची हिच घेण्यात कमीपणा नाही. ट्रेलर हलका झाल्यामुळे आता दोन्ही मार्ग मर्यादेत बसतात, पण ही मर्यादा अंदाजी टक्केवारीवर काढलेली आहे. म्हणून ट्रेलर पूर्ण भरून महामार्गावरील ट्रक-थांब्यावरच्या कॅट कंपनीच्या वजनकाट्यावर एकदा जोडून आणि एकदा नुसता पिकअप तोलून पाहावा. पिनचे खरे वजन त्या दोन पावत्यांवरील पिकअपच्या आसांच्या वजनांच्या वजाबाकीतच कळते.

उत्तर २ (कोलोरॅडो स्प्रिंग्जहून)

जोडताना एक गोष्ट कधीही टाळू नये. जबड्याच्या हिचमध्ये पिन जबड्यात न शिरता त्याच्या वर बसला तरी वरवर पाहता जोडणी झाल्यासारखी दिसते, आणि पिकअप पुढे गेला की ट्रेलर हौद्याच्या कडांवर आपटतो. म्हणून बॅटरीच्या उजेडात जबडा मिटला आहे का ते डोळ्यांनी पाहावे, मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीलगतच ठेवून, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून पिकअप हळूच पुढे ओढून पाहावा. तो अडला तरच पाय पूर्ण वर घ्यावेत आणि फाळका लावावा. गूसनेक बॉलवर ओढताना सुरक्षा साखळ्या लावण्याचा नियम अनेक राज्यांत आहे, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची हिच घेतलीत तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम पाहून निघावे. ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी जी बारीक तार असते, तिचे टोक हिचला न बांधता पिकअपच्या पक्क्या भागालाच बांधावे, कारण हिचच निखळून ट्रेलरबरोबर गेली तर तिला बांधलेली तार ओढलीच जाणार नाही आणि ब्रेकही लागणार नाहीत.