पक्षकार वकिलापासून का लपवतो?
"वकील नीट बोलत नाहीत, नुसती पुढची तारीख सांगतात" ही पक्षकारांची नेहमीची तक्रार रास्तच आहे. पण पक्षकारही वकिलापासून बरंच लपवतात, आणि त्याचं मूळ बहुतेकदा पहिल्याच भेटीत असतं. वाटणीच्या दाव्यात माणूस सातबारा, फेरफार सगळं घेऊन येतो, पण वडिलांच्या हयातीत झालेल्या तोंडी वाटपाबद्दल गप्प बसतो. ते उलटतपासात बाहेर आलं की वकील तरी काय करणार?

म्हणून वकिलांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं, की इथे बोललेलं बाहेर जात नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चं त्याला संरक्षण आहे (बेकायदा कामासाठी केलेली बोलणी मात्र त्यात येत नाहीत). आणि सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर बसवावं. भावासमोर, जावयासमोर माणूस मोकळं बोलत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तारखेचं म्हणाल, तर केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक) मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या म्हणजे न्यायालयांच्या सरकारी ॲपवर त्यावरून तारीख दिसते. वकिलांना फोन कराल तेव्हा विचारा: आज कोर्टात काय झालं, आणि पुढच्या तारखेला मी हजर राहायचं का?